कुणी वाचायचं नाही

या, असे जवळ सरकून बसा. भजन घटकाभर थांबेल. आधी एका कटिंग मास्तरांची गोष्ट ऐका. हळू आवाजात सांगण्यासारखी आहे.

पाण्याची बादली मध्ये ठेवली गेली आणि शिवणकारखान्यातली यंत्रं थांबली. लेखनताईंनी प्रत्येकापुढे कोरा कागद ठेवला. ही बाई दर आठवड्याला यायची. शांत बसायचं, मनात साचलंय ते लिहायचं, मग कागद फाडून बादलीत टाकायचा, एवढंच तिचं औषध. कुणी कुणाचं वाचायचं नाही.

मास्तरांना ती पहिल्या दिवसापासून खटकली. यंत्र जरा थांबलं की ज्यांच्या पोटात दुखतं, त्या मालकांनी हिला कारखान्याचा वेळ फुकट कसा दिला? त्यात हंगाम सरला की माणसं कमी होणार, हे सगळ्यांच्या कानावर आलेलं.

शेजारच्या स्टुलावर काजवाली बसायची. शर्टांना काजं करणं तिचं काम, आणि जीभ सुईहून तिखट.

"मास्तर, तुमचा कागद कायम कोराच कसा हो?"

"भिंतीला कान असतात, बाई."

"भिंतीला असतील, बादलीला नाहीत. चोराच्या मनात चांदणं, तसं चाललंय तुमचं."

बाया हसल्या. मास्तरही हसले, पण त्यांची नजर ताईंच्या पिशवीवरून हलली नाही.

गुण येत होता, हे मात्र नाकारण्यात अर्थ नव्हता. येता-जाता डोळे पुसणारी बटणवाली आता यंत्रावर गुणगुणायची. इस्त्रीवाल्याने कागदावर सख्ख्या भावाला पोटभर शिव्या घातल्या आणि मग त्यालाच घरी जेवायला बोलावलं. ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता.

सर्वांत भरभरून लिहायची ती काजवाली. मास्तरांना कापडावरच्या खुणा उलट्या बाजूनेही वाचायची सवय. एकदा तिचा कागद त्यांच्या नजरेला पडला. तिच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. सुई टोचली तरी कळत नव्हती. नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ती एकटी. शेवटी लिहिलं होतं की हे कागदावर उतरलं, आता छातीवरचा दगड जरा सरकला.

तो दगड मास्तरांच्या छातीवर येऊन बसला. ताई मालकांचं माणूस असतील तर काजवाली गेलीच. खात्री करून घेणं भाग होतं.

पुढच्या वेळी मास्तरांनी पेन उचललं आणि लिहिलं, की कापडखोलीतले तागे मी पळवले. निव्वळ थाप, त्यांनी तिथला धागासुद्धा कधी नेला नव्हता. कागद न फाडता उघडाच टेबलावर टाकून ते पाणी प्यायला गेले. परतले तेव्हा कागद जागेवर नव्हता. तुमचा राहिला होता, मीच फाडून बादलीत टाकला, वाचला नाही हो, असं ताई म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली आणि तसूभरही विश्वास ठेवला नाही.

मग ते वाट पाहत राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांची कात्री थबकायची. ताईंच्या पुढच्या फेरीच्या दिवशी मालक खाली आले, बाह्यांची मापं विचारली, कापडखोलीची किल्ली नेहमीसारखी मास्तरांच्याच हातात दिली आणि वर निघून गेले.

म्हणजे बाई सच्ची होती.

त्या दुपारी मास्तरांनी पहिल्यांदा मनापासून लिहिलं. मान वर न करता, कागदाची दुसरी बाजू भरेपर्यंत. काय लिहिलं ते त्यांना ठाऊक आणि त्यांच्या देवाला. तुकडे पाण्यात सोडून शाई पसरेपर्यंत ते बादलीपाशी उभे राहिले.

"हलकं वाटतंय का?" ताईंनी विचारलं.

"अजून नाही. थोडं काम राहिलंय."

जिना चढून ते मालकांच्या खोलीत गेले. मालकांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा. त्या बाईला मी जागा दिली आणि तुम्हाला तिथे डोळे उघडे ठेवून बसवलं, ते कशासाठी? आज टाळाटाळ नको. कोण काय लिहितं? कुणाला काढू?"

"सगळे देवाचं नाव लिहितात, मालक, आणि पाण्यात सोडतात."

मालकांनी कापडखोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. "मग तुमचा मला उपयोग काय?"

मंडळी, काजवाली आजही म्हणते, की मास्तर न सांगता नोकरी सोडून गेले, माणूस शेवटपर्यंत संशयीच. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांची एवढी आठवण ठेवा.