शिळावर्तुळ क्रमांक सात

पुरातत्त्वाच्या परीक्षेसाठी चंचलनं समुद्रपूरच्या सायबर कॅफेत उत्खननांची माहिती देणारी वेबसाइट उघडली. अश्मयुगापासून सगळं काळानुसार लावलेलं होतं. लोहयुगात आपल्या गावाचं नाव दिसलं तसं तिनं सोबत आलेल्या आईला, धुरपताला, जवळ बोलावलं.

"माय, पाह्य, आपल्या वावरामागचे गोल मांडलेले दगडं. तिथं खोदलं तं लेकराचा सांगाडा निंघाला. अडीच हजार वर्साचा."

धुरपता फोटोकडे बघत राहिली. मनगटाच्या हाडाशी काळे मणी होते, मधे एक लाल.

"आता कुठी हाय तो?"

"म्युझियमात असन. काऊन?"

"लाल मणी म्या ओवलता. तू दोन वर्साची होती, तवा तुह्या भावाले तिथं पुरलतं. तुही आजी म्हने, त्या दगडाच्या आत कोल्हेबी उकरत नाई."