तळातली बाटली

माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर चारही पडोत.

टीव्हीवाल्याची गाडी कुमासी शहरातून आली तेव्हा दहा वाजले होते. बोलावलं होतं सातला. तोवर सेरवाला सुई टोचून झालीसुद्धा होती. सेरवा म्हणजे आमच्या बाजारातल्या कोनफळवाल्यांची ओहेमा, आमची राणी. भाव ती ठरवते, भांडणं ती मिटवते. साथीची लस पहिली तिनं घ्यायची, ते टीव्हीवर दाखवायचं, मग बाकीच्या घेतील, असं ठरलेलं. पण पहाटे सालागाहून कोनफळांचा ट्रक लागला, सगळ्या बायका माल उतरवायला धावल्या, आणि सेरवा लस टोचायला आलेल्या सिस्टर दोरकासला म्हणाली की माझं आत्ताच उरकून टाक, मला मागनं वेळ नाही. दोरकासनं उरकलं. बघायला कुणी नव्हतं.

टीव्हीवाला म्हणाला, त्यात काय, परत करू. आता एका बाईला एका दिवसात दोनदा औषध कसं देणार? मग दोरकासनं सुईचं टोपण तसंच ठेवलं आणि नुसती दंडाला टेकवली. सेरवानं तोंड वाकडं केलं, असं झकास केलं की दाढच उपटतायत. चित्र झालं, गाडी गेली.

टोपण आमच्यातल्याच कोनफळवाल्या फ्रिम्पोमानं पाहिलं. तिला कोसावरून उंदराची मिशी दिसते.

पाच मिनिटांत गल्लीभर झालं. आधीच कुणाचा कशावर भरवसा नव्हता. ज्या रेडिओवर सकाळी डॉक्टर लस घ्या म्हणून सांगायचा, त्याच रेडिओवर दुपारी त्याच रोगावरचा कडू काढा विकायचे, आणि आवाजही तोच. फोनवर रोज नवा डॉक्टर. एकानं सांगितलं की लस घेतली की मूल होत नाही. त्यावर सगळ्यात जास्त घाबरली ती सत्तरीची मानू.

पण पंधरवड्यात आमच्या गल्लीतल्या दोघी धापा टाकत गेल्या, हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर दोरकास बर्फाचा डबा घेऊन आली होती. संध्याकाळपर्यंत कुणी दंड पुढे केला नाही, तर डबा परत जाणार. पुन्हा कधी येईल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बायका रांग मोडून आपापल्या ढिगांवर जाऊन बसल्या. सेरवा एकेकीकडे गेली, सांगत सुटली की बायांनो, खरी सुई मी पहाटेच घेतली, हे बघा, दंड सुजलाय. मानू म्हणाली, डास चावला तरी सुजतो. दोरकासनं देवाची शपथ घेतली. बायकांनी तिला विचारलं की तुला पगार कोण देतं.

मग फ्रिम्पोमा उठली. ढिगावर चांगली कोनफळं मांडून खाली सडकी भरायची, ही तिची जुनी खोड.

"ओहेमा," ती म्हणाली, "वर एक, खाली एक, म्हणून मागच्या महिन्यात तुम्ही शिक्षा म्हणून माझा ढीग आठ दिवस झाकून ठेवलात. मग आज टीव्हीवर वर काय मांडलंत?"

सेरवानं ताडपत्री ओढली आणि आपला ढीग झाकला. पहाटे ट्रकमधून उतरलेला, माती न सुटलेला ढीग. वर चार दगड ठेवले.

"आठ दिवस," ती म्हणाली. "टोपणाचे. पहाटेची सुई खरी होती."

त्या उन्हात, ताडपत्रीखाली, आठ दिवस. निम्मा माल जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. फ्रिम्पोमानं दगडांकडे बघितलं, सेरवाच्या दंडाकडे बघितलं, आणि बाही वर केली.

"मला दे, सिस्टर. पण वरची बाटली नको. वरचं सगळं दाखवायचं असतं, मला नको शिकवूस. तळातली काढ."

दोरकासनं कोपरापर्यंत हात बर्फात घातला आणि तळातली काढली. फ्रिम्पोमानं सुई घेतली, सुईच्या आईला दोन शिव्या घातल्या. एका बाटलीत दहा जणींचं असतं. मागोमाग नऊ जणी पटापट घेऊन गेल्या. बाटली संपली, तसा दोरकासचा हात सवयीनं वरच्या बाटलीकडे गेला.

रांग थबकली. पुढची मागे सरकली, तिच्या मागची तिच्याही मागे. तू हो पुढे, नाही बाई, तूच हो. रांगेचं शेपूट लांबत चाललं आणि तोंडाशी कुणीच नाही. सगळ्यांना तळातली हवी. दरवेळी तळ उकरावा तर बर्फ दुपारही गाठणार नाही.

दोरकासनं डब्याचं झाकण गच्च लावलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डबा उलटा केला, परत सुलटा करून उघडला, आणि म्हणाली, "घ्या. तळ वर आला."

मानू ढुशा देत पहिली आली. मावळतीपर्यंत डबा रिकामा.

आता एवढंच एक माझ्या पदरचं. डबा उलटा केला तो डोळ्यांदेखत नाही. दोरकास डबा घेऊन ट्रकच्या मागे गेली. आत बाटल्या खुळखुळल्या. परत येऊन तिनं सांगितलं की उलटा केला.

ट्रकमागं बघायला कुणीच गेलं नाही.