प्रभावतीच्या नावापुढचा नंबर

अप्पारावांनी प्रभावतीच्या नावापुढचा नंबर लावून पाहिला, तर फोन धर्मराजच्याच खिशात वाजला.

"हे काय करून राह्यला तू?" अप्पाराव म्हणाले. समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका त्यांनी अंगावर घेतली होती आणि दुपारी ती जालन्याला छापायला जायची होती. "पोरीच्या स्थळाचे फोन तुला येणार का? पिंपळगाव रेणुकाईचे लोक तिच्यासाठी थांबलेत. फोन करून बोलणी लावू म्हणतात."

धर्मराजने वाजता फोन बंद केला. भोकरदनच्या या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो आणि प्रभावती शेजारच्या टेबलांवर शिकवायचे. तिला लग्नाचं विचारावं असं त्याच्या फार दिवस मनात होतं, पण गड्याला धीर कुठला.

पुस्तिकेची माहिती प्रभावतीनेच टाइप केली होती. एका ओळीत नाव, दुसरीत गाव-शिक्षण, तिसरीत फोन. धर्मराजने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. तो फाइलमधल्या ओळी वाचायचा, तीन-तीन जोडायचा आणि नव्या फाइलमध्ये माणसामागे एक सलग ओळ लिहायचा. मोठ्या हौसेने केला होता.

आता त्याला त्या प्रोग्रॅमचीच शंका आली. आईच्या हट्टापायी त्याचंही नाव फाइलमध्ये होतं, नेमकं प्रभावतीच्या वर. एखादी ओळ घसरली असेल तर खालचे सगळेच नंबर घसरले. याची पोरगी त्याच्या दारात. समाजात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"सर, काल मी विचारलं होतं," प्रभावती की-बोर्ड पुसता पुसता म्हणाली. "आपण टाकलेलं प्रोग्रॅम बदलत तर न्हाई ना. तुम्ही म्हणालात, जसंच्या तसं उतरतं."

"उतरायला पाहिजे," तो पुटपुटला.

तपासणी शेवटापासून सुरू झाली. अप्पाराव एकेक नंबर लावत गेले आणि पलीकडून बराबर ज्याचा त्याचा बाप बोलत गेला. प्रभावतीच्या अगदी खालची रखमाजीची पोरगीही जागेवर निघाली. काहीच घसरलं नव्हतं. धर्मराजचा जीव भांड्यात पडला.

"मंग हे एकच चुकलं," अप्पारावही सैलावले. "जल्दी दुरुस्त कर. मी चहा सांगून येतो."

धर्मराजने प्रभावतीने टाइप केलेली मूळ फाइल उघडली. तिच्या नावाखाली तिथेही त्याचाच नंबर होता. म्हणजे प्रोग्रॅम बिलकुल निर्दोष. त्याला हसूच आलं.

"मॅडम, टाइप करताना वरचाच नंबर पुन्हा पडला तुमच्याकडून," तो म्हणाला. "वडिलांचा सांगा, बदलतो."

प्रभावतीने त्याच्या हाताखालचा की-बोर्ड हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "वडिलांना विचारूनच टाकलाय. पिंपळगावच्यांचा फोन आला की मुलीचं ठरलं म्हणून तुम्हीच सांगून टाका."