चष्म्याचं वजन

बांगड्या, चष्मासुद्धा काढून हिराताई वजनकाट्यावर चढल्या. पथ्याला व्यायामाची जोड देऊन महिना झाला, तरी काट्यानं जुनाच आकडा सांगितला.

"उद्यापासून व्यायाम बंद," त्या म्हणाल्या.

"अगं, आकडा सोड. समोर बघ," यशवंतराव म्हणाले.

"समोर काय, रोजचंच धुकं."

यशवंतरावांनी हसत त्यांना चष्मा चढवला. "भरू दे चार तोळे जास्त."

काट्यानं समोर हवेत हिराताईंचंच उजेडाचं शरीर उभं केलं होतं. पोटावरची चरबी ओसरली होती आणि तेवढ्याच वजनाचे नवे स्नायू मांड्यांत चमकत होते. त्यांनी पाय किंचित उचलला, तसे हजारो तंतू एकदम उजळले.

त्या हळूच म्हणाल्या, "अहो, उद्या टेकडीवर निघताना मला हाक मारा."