दहा लाख नऊ

हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत. खालच्या चौऱ्याऐंशी, २ ते ४३३, ऋतिकाच्या वहीत होत्या. वरच्या चौऱ्याऐंशी, ४३९ ते ९९७, उपासनाच्या.

मारुतीराव सरांचा रविवारचा वर्ग निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या माडीवर भरायचा. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, १०,००,००९ ही मूळ संख्या आहे का? मोबाईल चालणार नव्हता. हजाराच्या आतल्या एकाही मूळ संख्येनं भाग गेला नाही तर ती मूळ, पण प्रत्येक भागाकार हातानं करायचा. बरोबर उत्तर जो आधी देईल, त्याचं नाव पुण्याच्या गणित शिबिराला जाणार होतं. जागा एकच. दोघींनी काम वाटून घेतलं. उत्तर मिळून द्यायचं आणि जायचं कुणी, त्यासाठी चिठ्ठी टाकायची, असं ठरलं.

"तुझ्यात कुठंच भाग गेला न्हाय नव्हं?" उपासनानं विचारलं.

"किती वेळा सांगू? बघ की." ऋतिकानं वही पुढं सरकवली. चौऱ्याऐंशी ओळी, प्रत्येकीपुढे बाकी. शून्य एकही नाही.

सर आले तशी उपासना उठली. "सर, संख्या मूळ आहे. आम्ही दोघींनी तपासली."

सरांनी खडू खाली ठेवला. "दोघींनी? ही बुधवारीच घरी येऊन गेली की. मूळ न्हाय म्हणून उत्तर दिलं, भागाकारासकट. मी तिचं नाव कळवलंसुद्धा." ते ऋतिकाकडं वळले. "हिला बोलली न्हाईस व्हय गं?"

ऋतिका बाकावर नखानं रेघ ओढत राहिली.

"म्हंजे बुधवारपासनं ही उगंच भागत बसली हुती?" मागून सौरव म्हणाला. दोघं-तिघं हसले.

काल दुपारी ऋतिकाचा फोन आला होता. किती राहिल्या, असं तिनं विचारलं होतं. एकोणीस, असं उपासनानं सांगितलं. त्यावर ती म्हणाली होती, "घाई करू नको, चुकशील."

उपासना खाली बसली. "चिठ्ठी टाकायची ठरलंवतं."

"आणि तुझं नाव निघालं असतं तर?"

खालून वखारीत पोती ओढल्याचा आवाज येत होता.

"कुठल्या संख्येनं भाग जातो?"

"बासष्टाव्या."

वही अजून मध्येच उघडी होती. उपासनानं बोट ठेवून ओळी मोजल्या. बासष्टावी २९३. पुढे ऋतिकाच्या नीटस अक्षरात: बाकी ४.

तिनं त्याच ओळीखाली पेन्सिलीनं भागाकार मांडला. हजारात तीनदा, उरले एकशे एकवीस. मग चारदा, उरले अडतीस. मग एकदा, उरले सत्त्याऐंशी. शेवटचा नऊ खाली उतरवला. आठशे एकोणऐंशी. त्यात तीनदा.

भागाकार ३,४१३. बाकी शून्य.