फ्लेक्सवरचा विषय

फ्लेक्सवर बबिताचा फोटो चांगला ऐसपैस होता. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, 'युसूफ वडगावची शान' तर लाल अक्षरात. आणि त्याखाली : एम. ए. संस्कृत, विद्यापीठात पहिली.

बबिताने दोनदा वाचलं. डोकंच फिरलं तिचं. दोन वर्षं होस्टेलात पहाटे उठून, घसा दुखेपर्यंत उच्चार घोटून तिने अरबी केली होती. अरबी! संस्कृतशी तिचा संबंध दहावीलाच संपला होता.

"पप्पूदादा, हे काय छापलंय?"

पप्पू शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडत होता. विठ्ठलरावांचा पुतण्या तो, गावातला प्रत्येक फ्लेक्स त्याच्याच मोबाइलवरून जायचा. "मला कावून इचारती? काकांनी सांगितलं तसं टाकलं."

विठ्ठलराव स्टेजपाशीच उभे होते. गावातली निम्मी जमीन त्यांची, आणि यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं पक्कं. बबिता तरातरा तिकडे गेली.

"बापू, माझा विषय चुकलाय."

"चुकला न्हाई, बदललाय." विठ्ठलराव गोड हसले. "इलेक्शनचे दिस हायेत पोरी. मेंढक्याची लेक विद्यापीठात पहिली, लई भारी. पण अरबी म्हणलं की लोक फाटे फोडतात. कावून शिकली, कुणी शिकवलं. त्यापरीस संस्कृत असू दे. न्हाई तरी गावात दोन्ही कुणाला येत न्हाई."

"मला अरबी येती ना! तिच्यावरच पुण्याला दवाखान्यात नोकरी लागलीय मला. सोमवारी हजर व्हायचंय. मस्कतहून, बगदादहून पेशंट येतात तिथं. मुलाखतीच्या दिवशी एक म्हातारी होती, तिचं दुखणं तीन दिवस डॉक्टरला कळत नव्हतं. मी नुसतं अरबीत 'आजी, कुठं दुखतंय' असं इचारलं, तर माझा हात धरून रडली. त्या म्हातारीपुढं मला लाज वाटली न्हाई, मग माझ्याच गावात कावून वाटावी?"

"पुण्यात काय सांगायचं ते सांग. हितं शाल घे, दोन शब्द बोल. अरबीचं नाव काढू नको."

"मग फाट्यावरच्या पाटीवरचा युसूफ बी पुसा, बापू."

पप्पू फिसकन हसला आणि काकांकडे बघून पुन्हा खुर्च्यांकडे वळला. विठ्ठलरावांचं हसू मावळलं. आवाज खाली उतरला.

"सिदूच्या मेंढ्या सध्या कुणाच्या रानात बसल्यात गं?"

सिदू म्हणजे बबिताचा बाप. त्याच्या शंभर मेंढ्या विठ्ठलरावांच्या मोकळ्या रानात बसत होत्या. रानाला खत मिळायचं, सिदूला ज्वारी आणि मेंढ्यांना पाणी. पाऊस पडेपर्यंतची बोली होती. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उठवल्या, तर शंभर जित्राबं घेऊन म्हातारा पाण्यासाठी कुठं वणवण करणार? राग जागच्या जागी होता, पण बबिता मागे फिरली आणि स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसली.

कार्यक्रम सुरू झाला. सिदू पहिल्या रांगेत बसला होता, धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पटका, मांडीवर काठी आडवी. त्याला वाचता येत नव्हतं. फ्लेक्सवरच्या फोटोकडे बघून बघून त्याची मान अवघडली होती.

"एम. ए. संस्कृतमध्ये विद्यापीठात पहिली आलेली आपल्या गावची कन्या!" पप्पूने माइकवर पुकारा केला. टाळ्या पडल्या. विठ्ठलरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइक तिच्या हातात दिला.

"आँ?" सिदू उठून उभा राहिला. "संस्कृत न्हाई ओ मालक, काय तरी घोळ झालाय. माझ्या लेकीनं अरबी केलीया. रोज सांजच्याला मेंढ्या मोजताना मी सोता वाहिद, इस्नान, सलासा म्हणतो. तिनंच शिकवलंय की!"

पटांगणात हशा पिकला. विठ्ठलरावही हसले, पण डोळे हसत नव्हते. "सिदू, बस खाली. मेंढ्या कुणाच्या रानात हायेत, ध्यानात हाय न्हवं?"

हशा थांबला. सिदू बसला नाही. त्याने विठ्ठलरावांकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग माइक धरून उभ्या असलेल्या लेकीकडे. लेक का गप्प आहे ते त्याला आत्ता उमगलं. आपल्यामुळं! आपल्या मेंढ्यांमुळं पोरगी तोंड शिवून उभी आहे, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"दादा, बसा तुम्ही," बबिता रडवेल्या आवाजात बापाला म्हणाली. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

सिदूने काठी उचलली. खुर्च्यांमधून वाट काढत तो रानाकडे निघाला. पटांगणाच्या टोकाला जाऊन थांबला, वळला आणि माळावरून कळपाला हाळी द्यावी तसा ओरडला,

"बबे, तू बोल! काय शिकलीस ते घसा फोडून सांग. मेंढ्या उठवायला मला किती येळ लागतो?"