एका दिवसाची फट

घुबडाची सही सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आली. सोबत एक ओळ होती: ‘तुझा कोड आता काय तपासायचा? तब्येतीला जप.’

त्याने ती ओळ दोनदा वाचली. अकरा वर्षांत घुबडाने त्याचा एक स्वल्पविरामसुद्धा फुकट सोडला नव्हता. सोडला तो नेमका आज.

घुबड म्हणजे त्याचा कामातला जोडीदार. बाई की बुवा, कुठल्या देशातला, काही माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही असाच रिवाज. दोघं मिळून ‘पडदा’ नावाचं ॲप सांभाळत. फोनवर पडदा टाकला की कोण कोणाशी बोलतंय आणि कुठून, हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी सोय. कोड जगापुढे उघडा. कुणीही वाचावा, खोट काढावी. वाचत कुणीच नसे, विश्वास मात्र चाळीस हजार लोक ठेवत. नियम एकच: दोघांच्या सह्यांशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडायची नाही.

आज दोन्ही सह्या झाल्या होत्या. आणि ‘किरकोळ दुरुस्त्या’ या सोज्ज्वळ नावाखाली त्याने कोडमध्ये एक फट ठेवली होती. एकाच दिवसापुरती. त्या फटीतून चाळीस हजार जणांचं सगळं दिसणार होतं, आणि त्या चाळीस हजारांत कुठेतरी त्याची मुलगी असणार होती.

मुलगी चौदा महिन्यांपूर्वी घरातून गेली. वय सव्वीस. चिठ्ठीत दोनच शब्द, ‘शोधू नका.’ असं लिहिल्यावर कुठला बाप स्वस्थ बसेल? आणि झालं होतं तरी काय? तिच्याच भल्यासाठी त्याने तिच्या खोलीला बाहेरून कडी लावली होती. चारच दिवस. ताट वेळच्या वेळी आत जात होतं. फोन काढून घेतला होता, पण तो परत देणारच होता. जगात बापांनी याहून कितीतरी जास्त केलेलं आहे.

नवा फोन घेतल्यावर तिने त्यावर पहिलं काय टाकलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पडदा वापरायला त्यानेच शिकवलं होतं.

इन्स्पेक्टरने चहा पाजून हात वर केले होते. “मुलगी सज्ञान आहे, साहेब. त्यात तुमच्याच पडद्याआड. तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडे आलो होतो, एकाची बायको शोधायला. तेव्हा तुम्ही अर्धा तास तत्त्वं सांगितलीत. आता त्या तत्त्वांनाच विचारा.”

त्यानंतर तो दोन शवागारांत जाऊन आला. दोन्ही वेळा चादर उचलल्यावर ‘नाही’ एवढा शब्द काढताना त्याला भिंत धरावी लागली. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडून झाली. आता चौथ्याला जागा उरली नव्हती, पट्ट्यातही आणि त्याच्यातही.

टेबलासमोरच्या भिंतीला एक पत्र चिकटवलेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी पडद्याच्या टपालपेटीत आलेलं, खाली सही ‘गोगलगाय’. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते कौतुकाने वाचून दाखवी: ‘ज्यांनी हे बनवलं त्यांना. तुमच्यामुळे मला आता झोप लागते. जो मला शोधतोय तो वाईट माणूस नाही, असं सगळे तुम्हाला सांगतील. तो रडेलही. तरी मला सापडू देऊ नका.’

आज त्याने ते पत्र काढलं आणि उलटं करून पुन्हा चिकटवलं.

आता एकच रिवाज उरला होता. प्रत्येक आवृत्ती बाहेर सोडण्याआधी बायकोच्या फोनवर चालवून बघायची. तिला जमलं तर जगाला जमतं, हा त्याचा जुना विनोद. तिला तो कधीच आवडला नव्हता.

“फोन दे जरा. नवी आवृत्ती आहे.”

“आत्ता? अहो, सात वाजले.”

“पाच मिनिटं.”

“मागच्या वेळी तुम्ही ते बटण हलवलंत. शोधता शोधता जीव गेला माझा.”

“तुला कशाला लागतं बटण?”

“चाचणीला बसवलंय ना मला? मग करते चाचणी.” तिने फोन टेबलावर ठेवला. “पण सात दहाच्या आत हातात पाहिजे. माझे व्यायाम असतात.”

गुडघ्यांचे व्यायाम. वर्षाहून जास्त काळ ती रोज सकाळी फोनवर व्हिडिओ लावून गॅलरीत जाई आणि दार ओढून घेई. गुडघ्यांत काडीचा फरक नव्हता.

“तुला काहीच कसं वाटत नाही?” तो एकदम म्हणाला. “मी रोज मरतोय. तू एकदाही रडली नाहीस.”

“रडून गुडघे बरे होतात का?” म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

त्याने आवृत्ती चढवली. उजवीकडच्या स्क्रीनवर ‘प्रसिद्ध करा’ हे हिरवं बटण वाट बघत होतं. ते दाबलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन अपडेट होणार, आणि मुलीचं गाव, गल्ली, मजला त्याच्या हातात येणार. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. आधी फक्त फट नीट उघडते का, ते बायकोच्या फोनवर पाहायचं. तिथे काय असणार म्हणा? भलंमोठं शून्य. शून्य दिसलं की बटण दाबायचं.

त्याने फट उघडली.

“झालं का हो?” आतून हाक आली. “सात नऊ झाले!”

संभाषणं: एक. वेळ: रोज सकाळी सात दहा. सुरुवात: चौदा महिन्यांपूर्वी, मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ठिकाण अजून झाकलेलं होतं, ते बटण दाबल्यावरच उघडणार होतं. पलीकडच्या व्यक्तीचं नाव मात्र स्वच्छ दिसत होतं.

गोगलगाय.